सादळणारे रूपक
सेल्युलोज आणि मातीच्या पारदर्शक पापुद्र्यांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

१

दिवाळी अंक घरात येतो तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतात आणि घरातल्या कोणाचे तरी त्या डब्यांवर बारीक लक्ष असते. चिवड्याच्या डब्याचे झाकण नीट बसले नाही, की दोन दिवसांत पोहे सादळतात. 'सादळणे' हे मराठीतले मोठे नेमके क्रियापद आहे. सादळलेला पदार्थ भिजलेला नसतो, नासलेलाही नसतो. त्याने हवेतले पाणी नकळत आत घेतलेले असते आणि त्याचा मूळ गुण, म्हणजे कुरकुरीतपणा, गेलेला असतो. दिसायला तो कालच्यासारखाच असतो. फरक दाताखाली आल्यावर कळतो.

या लेखाचा विषय प्रयोगशाळेतली एक अत्याधुनिक वस्तू आणि तिच्याविषयी झालेले लेखन हा आहे. पण त्या लेखनाची परीक्षा करायला मला या स्वयंपाकघरातल्या क्रियापदापेक्षा चांगले साधन सापडलेले नाही.

वस्तू अशी. लाकडातल्या किंवा कापसातल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू आणि चिकणमातीची तितकीच सूक्ष्म पाने पाण्यात एकत्र करायची. मग ते पाणी सावकाश काढून टाकायचे. मागे एक पातळ, लवचिक, आरपार दिसणारा पापुद्रा उरतो. तो ओढायला चिवट असतो, ऑक्सिजनला अडवतो, आणि मातीचे प्रमाण पुरेसे असेल तर लवकर पेट घेत नाही. टोकियो, क्योटो, स्टॉकहोम, हेलसिंकी अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांतून गेल्या वीसेक वर्षांत यावर भरपूर काम झाले. झाड आणि माती या दोन गोष्टींतून, खनिज तेलाला हात न लावता, प्लॅस्टिकच्या वेष्टनाला पर्याय उभा राहील, अशी आशा त्यामागे आहे. ही आशा खोटी नाही. पण ती ज्या भाषेत आपल्यापर्यंत पोहोचते, त्या भाषेत काही वगळले गेले आहे.

शोधनिबंध हेही लेखनच असते. त्याला शीर्षक असते, त्यात रूपके असतात, काय सांगायचे आणि काय तळटीपेत ढकलायचे याची निवड असते. कथा-कवितेच्या वाचकाने तो वाचू नये असा काही नियम नाही. मी हे निबंध तसेच वाचले. या शाखेचे सर्वांत लाडके रूपक शिंपल्याचे आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे रूपक उसने आणताना त्यातले पाणी समुद्रातच राहिले. आणि जे रूपकातून सुटले, ते पुढे दाव्यांतूनही सुटत गेले.

२

आधी ही पारदर्शकता कुठून येते ते पाहू. त्यासाठी भज्यांचा कागद पुरे. गरम भजी ज्या कागदात बांधून मिळतात, त्यावर तेलाचा डाग पडतो आणि तेवढ्याच जागी कागदातून पलीकडचे दिसू लागते. कागद तोच, सेल्युलोज तेच. मग फरक कशाचा? सेल्युलोज मुळात रंगहीन असते. कागद पांढरा दिसतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना प्रत्येक वेळी वळतो, विखुरतो. तेल या पोकळ्या भरून काढते. तेलातून आणि सेल्युलोजमधून प्रकाशाची चाल जवळपास सारखी असल्याने त्याचे विखुरणे कमी होते आणि डागाच्या जागी खिडकी उघडते.

तेल न घालता हेच साधायचे तर तंतू इतके बारीक करायला हवेत, की ते एकमेकांना घट्ट चिकटून बसतील आणि मधे हवेला जागाच उरणार नाही. आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने वनस्पतींतून सेल्युलोज वेगळे करून त्याची ओळख पटवली ती १८३८ मध्ये. पण त्याचे मूळ सूक्ष्म तंतू सुटे करायला पुढची दीड शतके जावी लागली. १९८३ मध्ये टर्बॅक आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी लाकडाचा लगदा प्रचंड दाबाखाली पिळून त्याचे तंतू बारीक करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००६ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या साइतो आणि इसोगाई यांच्या गटाने रासायनिक वाट दाखवली. तंतूंच्या पृष्ठभागावर ऋणभार निर्माण केला, की ते एकमेकांना दूर लोटतात आणि हलक्या घुसळण्याने सुटे होतात. हे तंतू जेमतेम तीन-चार नॅनोमीटर रुंद असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चारशे ते सातशे नॅनोमीटर असते. तिच्यापुढे हे तंतू इतके लहान, की प्रकाशाला त्यांची अडचण होत नाही. २००९ मध्ये क्योटो विद्यापीठातल्या नोगी, यानो आणि सहकाऱ्यांनी अशा नॅनोतंतूंचा पारदर्शक कागद करून दाखवला. इसोगाई, साइतो आणि निशियामा यांना २०१५ मध्ये मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळाले. वनसंपदेच्या संशोधनात ते फार मानाचे समजले जाते.

आता माती. या कामात बहुधा मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीतले खनिज वापरतात. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलाँ या गावावरून त्याला हे नाव पडले. हे खनिज पानापानांनी बनलेले असते. एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाड आणि रुंदीला शेकडो नॅनोमीटर. ही पाने पापुद्र्यात आडवी, एकावर एक बसली, की ऑक्सिजनच्या रेणूला सरळ पलीकडे जाता येत नाही. जुन्या गावातल्या बोळांतून वाट काढावी तसे त्याला प्रत्येक पानाला वळसा घालावा लागतो. आत ठेवलेला पदार्थ अधिक काळ टिकण्याची आशा असते ती या लांबलेल्या वाटेमुळे.

सेल्युलोज आणि खनिज ही जोडी काही नवी नाही. मासिकांच्या मुखपृष्ठांसाठी वापरतात त्या गुळगुळीत आर्ट पेपरवर पांढऱ्या चिकणमातीचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो. त्या जोडीतून कागद अधिक पांढरा आणि अपारदर्शक होतो. नव्या पापुद्र्यांत त्याच जोडीतून उलट परिणाम साधलेला आहे. नवेपण आहे ते बारीकपणात आणि मांडणीत.

३

ही मांडणी समजावून सांगताना शिंपला येतो.

मोती ज्या शिंपल्यात होतो, त्याच्या आतल्या चकचकीत अस्तराचा अभ्यास पदार्थविज्ञानाने फार मन लावून केला आहे. हे अस्तर ॲरॅगोनाइटच्या, म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या खनिजाच्या, चपट्या फरशांनी बनलेले असते. प्रत्येक फरशी साधारण अर्धा मायक्रॉन जाड असते आणि फरशांच्या मधे प्रथिने व शर्करांचा अगदी पातळ सांधा असतो. वजनाने पाहिले तर सुमारे ९५ टक्के खनिज आणि उरलेला पाच टक्के सांधा. खनिज एकटे असते तर खडूसारखे तुटले असते. जॅक्सन, व्हिन्सेंट आणि टर्नर या ब्रिटिश संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवले, की हे अस्तर फोडायला नुसत्या खनिजाच्या सुमारे ३००० पट ऊर्जा लागते. कारण त्यात पडणारी भेग सरळ धावू शकत नाही. ती प्रत्येक फरशीपाशी वळते, सांध्यात अडकते, थकते.

या शोधाचा मोह पडणे साहजिक होते. २००३ मध्ये कोटोव्ह यांच्या गटाने माती आणि बहुवारिकाचे थर एकावर एक चढवून जो पदार्थ केला, त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच 'कृत्रिम शिंपला-अस्तर' अशा अर्थाचे शब्द होते. मग ही वाट रुळली. २०१० मध्ये हेलसिंकीच्या परिसरात काम करणाऱ्या वाल्टर, इक्काला आणि सहकाऱ्यांनी मातीच्या पानांवर बहुवारिकाचा लेप देऊन, कागद करतात तशा पद्धतीने, झटपट मोठे पत्रे करून दाखवले. या निबंधाच्या शीर्षकात पद्धतीला तीन विशेषणे आहेत: जलद, किफायतशीर आणि हिरवी. हा निबंध महत्त्वाचा आहे, कारण थर चढवायला लागणारे दिवस त्याने तासांवर आणले. पण ज्या बहुवारिकाने माती बांधली ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल होते, आणि ते सहसा खनिज तेल व वायूपासूनच तयार होते. 'हिरवी' हे विशेषण पद्धतीपुरते बरोबर होते, कारण सगळे काम पाण्यात होते आणि विषारी द्रावक लागत नव्हता. पण शीर्षक वाचणाऱ्याला ते वस्तूचेच विशेषण वाटते. विशेषण एका नामावरून दुसऱ्या नामावर सरकले, की अर्थ कसा बदलतो हे साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पुढे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जागी सेल्युलोज आले आणि ही तक्रार बऱ्याच अंशी मिटली. शिंपला मात्र राहिला. आढाव्यांत, प्रस्तावनांत, बातम्यांत तो अजून येतो. 'विटा आणि गारा' ही त्याची जोडप्रतिमाही येते: मातीची पाने म्हणजे विटा, सेल्युलोज म्हणजे गारा.

हे रूपक तीन ठिकाणी ताणले की उसवते.

पहिले ठिकाण प्रमाणाचे. शिंपल्यात खनिज ९५ टक्के. टोकियोच्या वू, साइतो, इसोगाई यांच्या २०१२ मधल्या गाजलेल्या निबंधात उत्तम ताणबल दाखवणाऱ्या पापुद्र्यात माती अवघी पाच टक्के आहे. बाकी सारे सेल्युलोज. म्हणजे शिंपल्याचे गणित तंतोतंत उलटे. मातीचे प्रमाण बरेच वाढवलेले पापुद्रेही झाले आहेत, पण माती वाढते तसा पापुद्रा ठिसूळपणाकडे झुकतो. न्यायाने सांगायचे तर या टोकियोच्या निबंधाच्या शीर्षकात शिंपला नाही. त्यात फक्त 'थर' आहेत. शिंपला त्याच्या गळ्यात पडला तो वंशावळ सांगणाऱ्यांमुळे. पाच टक्के विटा आणि पंचाण्णव टक्के गारा असलेल्या बांधकामाला आपण भिंत म्हणणार नाही. त्यापेक्षा चिरोट्याचे पापुद्रे आणि मधला साटा ही उपमा अधिक जवळची आहे.

दुसरे ठिकाण घडण्याचे. शिंपला वाढतो. कालव आपले अस्तर वर्षानुवर्षे थराथराने रचते, फुटले तर डागडुजी करते. पापुद्रा एकदाच बसतो.

तिसरे ठिकाण पाण्याचे, आणि तिथेच खरी गोष्ट आहे. शिंपला समुद्रात घडतो आणि समुद्रात वापरला जातो. तो कायम ओला असतो. इतकेच नव्हे, तर ओले अस्तर कोरड्या अस्तरापेक्षा अधिक चिवट असते, हे त्या १९८८ च्या निबंधातही आलेले आहे. पाणी सांध्यातल्या सेंद्रिय पदार्थाला नरम ठेवते आणि भेगेला थकवण्याचे काम तो नरम सांधा करतो. शिंपल्याच्या बळात पाणी सामील आहे.

सेल्युलोज आणि मातीच्या पापुद्र्याचे पाण्याशी नाते याच्या उलट आहे.

४

टोकियोच्या त्या निबंधातले आकडे डोळे विस्फारणारे आहेत. ताणबल ५०९ मेगापास्कल, म्हणजे बांधकामातल्या साध्या पोलादाच्या पंक्तीला बसणारे. झाडाच्या तंतूंचा आणि मातीचा आरपार दिसणारा कागद पोलादाच्या पंक्तीला बसतो, हे वाचून आनंद झाला नाही तर वाचणारा अरसिक म्हणावा लागेल. त्याच सारांशात ऑक्सिजन अडवण्याचाही आकडा आहे आणि तोही असाच थक्क करणारा. त्याच्या शेजारी एक छोटी अट लिहिलेली आहे: शून्य टक्के सापेक्ष आर्द्रता.

लेखकांनी ही अट लपवलेली नाही. सारांशातच दिली आहे. शास्त्रीय प्रामाणिकपणा तो हाच. तुलना करता यावी म्हणून ठरलेल्या परिस्थितीत मोजायचे, आणि कोरडी हवा ही त्यातली एक ठरलेली परिस्थिती. पण शून्य टक्के आर्द्रतेची हवा मुंबईला कुठल्याही ऋतूत मिळत नाही. जुलै-ऑगस्टात तर तिथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कोकणात याच दिवसांत मीठ पाझरते, आगपेटीतली काडी ओढता ओढता गुल सुटून येतो, आणि पापडाचा डबा उघडला की एका श्वासात लावावा लागतो.

अशा हवेत या पापुद्र्याचे काय होते, हे त्याच्या घटकांकडे पाहिले की कळते. सेल्युलोजच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असते आणि त्यांना पाण्याची ओढ असते. तंतू सुटे करण्यासाठी त्यांच्यावर जो ऋणभार चढवला, त्याच्या जोडीला सोडियम आयन येतात आणि ते ही ओढ वाढवतात. मॉन्टमोरिलोनाइटचा तर हा जगजाहीर स्वभाव आहे: त्याच्या पानांच्या मधे पाणी शिरते आणि ती पाने एकमेकांपासून दूर सरकतात. दोन्ही घटक तहानलेले. दमट हवेत पापुद्रा फुगतो, तंतू एकमेकांवरून घसरू लागतात, ताणबल उतरते, आणि ऑक्सिजनला ज्या बोळांतून वळसे घालावे लागत होते ते बोळ रुंद होतात. पापुद्रा तेव्हाही पारदर्शकच दिसतो. म्हणून याला भिजणे म्हणता येत नाही. हे सादळणे आहे.

इथे कोणी म्हणेल, की रूपक हे समजावण्यापुरते असते, त्याचा इतका कीस कशाला? संशोधक शिंपल्याची मांडणी घेतात, समुद्र घ्यायला त्यांना कोणी सांगितले? आक्षेप रास्त आहे. पण रूपक समजावण्यापुरते राहत नाही. कशाकडे पाहायचे हे ते ठरवते, आणि म्हणून काय मोजायचे हेही. शिंपल्याच्या फरशा डोळ्यांपुढे असल्या की आपण बळ मोजतो, चिवटपणा मोजतो, थरांची सरळ मांडणी सूक्ष्मदर्शकातून पाहतो. दमट हवेतला आकडा मग पुरवणीत जातो, किंवा पुढच्या निबंधासाठी राखला जातो.

याचा पडताळा उलट बाजूनेही मिळतो. २०१६ मध्ये टोकियोच्याच शिमिझू, साइतो, इसोगाई यांनी तंतूंवरचे सोडियम आयन काढून त्यांच्या जागी कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांसारखे एकाहून अधिक भाराचे आयन बसवले. असा एक आयन दोन तंतूंना एकत्र बांधतो, त्यामुळे पापुद्रा पाण्यात फुगायचा आवरतो आणि दमट हवेतही ऑक्सिजन बऱ्यापैकी अडवतो. या निबंधाच्या शीर्षकात शिंपला नाही, वीट नाही, हिरवा रंग नाही. 'जलरोधक' हा साधा शब्द सुरुवातीलाच आहे. शोभेचे रूपक बाजूला ठेवले तेव्हा खरा प्रश्न शीर्षकात आला.

५

सेल्युलोजच्या पारदर्शक पापुद्र्याने हा धडा याआधीही एकदा गिरवला आहे. त्याचे नाव सेलोफेन.

१८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी सेल्युलोज विरघळवून पुन्हा घट्ट करण्याची व्हिस्कोज पद्धत शोधली. तिच्यातून स्वित्झर्लंडच्या जाक ब्रँडनबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पारदर्शक फिल्म काढली. हॉटेलात टेबलाच्या कापडावर सांडलेली वाइन पाहून, डाग न धरणारे कापड करायचे त्यांच्या मनात आले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्या मुळाशी ओलच आहे. कापडावरचा लेप ताठर झाला, पण तो सोलून निघाला आणि त्याचीच फिल्म झाली. नाव ठेवले सेल्युलोज आणि फ्रेंच 'डायाफेन' म्हणजे पारदर्शक या शब्दांना जोडून. पारदर्शकता हे त्या वस्तूचे नावच झाले.

सेलोफेनमध्ये गुंडाळलेली मिठाई दिसायला सुंदर होती, पण ही फिल्म पाण्याची वाफ अडवू शकत नव्हती. फुलांना, अत्तराच्या बाटल्यांना ती चालली. खाद्यपदार्थ आत सुकत किंवा सादळत. १९२७ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी अनेक प्रयोगांनंतर त्यावर उपाय काढला: नायट्रोसेल्युलोज आणि मेण यांचा अत्यंत पातळ लेप. त्यानंतर सेलोफेन खऱ्या अर्थाने खाद्यपदार्थांचे वेष्टन झाले. पुढे लेपासाठी क्लोरीनयुक्त बहुवारिकेही आली. झाडापासून झालेल्या फिल्मला पाण्यापासून वाचवण्यासाठी तिला दुसऱ्याच पदार्थाचा अंगरखा घालावा लागला आणि तो अंगरखाही पारदर्शक असल्यामुळे कोणाला दिसला नाही. शेवटी पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्म आल्या. त्यांना पाण्याचे भय नव्हते आणि त्या स्वस्तही होत्या. त्यांनी सेलोफेनला बहुतेक ठिकाणांहून हटवले.

आणखी एक गोष्ट त्या पारदर्शकतेआड होती. व्हिस्कोज पद्धतीत कार्बन डायसल्फाइड वापरतात. त्याच्या वाफेने कारखान्यांतल्या कामगारांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाले, काहींना वेडाचे झटके आले. पॉल ब्लँक या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञाने २०१६ च्या आपल्या ग्रंथात हा सगळा इतिहास सविस्तर मांडला आहे. नव्या पापुद्र्यांना हे रसायन लागत नाही, आणि ही त्यांची फार मोठी जमेची बाजू आहे. ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पण सेलोफेनचा इतिहास सांगतो, की वस्तूची परीक्षा तिच्या आरपार दिसण्यावरून करू नये. ती कुठे घडली, घडताना कोणाच्या अंगावर काय उडाले, आणि पाण्यापासून वाचवायला तिच्यावर काय चढवले, हे विचारावे.

नव्या पापुद्र्याच्या घडणीतही एक प्रश्न पाण्याचाच आहे. नॅनोतंतू पाण्यात अगदी विरळ ठेवावे लागतात. शंभर भागांत एखादा भाग तंतू आला, की त्याची खळ होते. म्हणजे एक किलो पापुद्र्यासाठी शंभराच्या आसपास किलो पाणी गाळून, वाळवून काढायचे. त्याला वेळ लागतो, उष्णता लागते. प्रयोगशाळेत बशीएवढा तुकडा करताना हे जाणवत नाही. कारखान्याचा हिशेब मांडताना मात्र पहिल्या ओळीत हेच येते.

६

शिंपल्याऐवजी दुसरे रूपक मिळेल का? मिळेल, आणि ते शोधायला मराठी वाचकाला समुद्रापर्यंतही जावे लागत नाही.

दख्खनच्या बेसॉल्टचा खडक झिजून जी काळी कसदार जमीन तयार झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली खनिजे भरपूर असतात. तिलाच आपण कापसाची काळी जमीन म्हणतो. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक. ज्या दोन घटकांतून टोकियोचा पापुद्रा झाला, ते दोन्ही विदर्भातल्या एकाच वावरात, एक जमिनीवर आणि एक जमिनीत, एकमेकांच्या आधाराने उभे असतात. उद्योगाला लागणारी अशी माती आपल्याकडे कच्छ आणि राजस्थानातून येते, वावरातून कोणी उचलणार नाही, हे खरे. पण रूपकासाठी वावर पुरे.

या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला पुस्तकाविना माहीत आहे. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते, बैलाचे पाय ओढून धरते. उन्हाळ्यात ती आकसते आणि पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया खोल न घेता घर बांधले, तर भिंतींना तडे जातात. मॉन्टमोरिलोनाइटच्या पानांत पाणी शिरणे आणि निघणे याचीच ही शेताएवढी आवृत्ती आहे. म्हणून शेतकऱ्याने एक शब्द घडवला: वापसा. जमीन ना चिखल ना ढेकूळ, औत घालायला योग्य, अशी ओलीची नेमकी स्थिती. मातीविषयी बोलताना तिच्यातल्या ओलीविषयी आधी बोलायचे, ही शिस्त त्या शब्दात आहे.

दुसरे रूपक घराचे. चिखलात भुसा किंवा गवत तुडवून उभी केलेली भिंत, शेणामातीने सारवलेली जमीन, हेही सेल्युलोज आणि खनिजाचे संकरच होते. गवताचा तंतू भेग अडवी आणि माती तंतूला धरून ठेवी. नॅनोतंत्राचा गंध नसताना हे तत्त्व घरोघरी वापरात होते. पण त्या घरात राहणाऱ्यांनी भिंत पाण्याला दाद देत नाही असे कधी म्हटले नाही. पावसाळ्याआधी शाकारणी होई, सणावारी पुन्हा सारवण होई, पोपडे निघाले की हात फिरे. पाण्यापुढे वस्तू हरते हे गृहीत धरून तिच्या भोवती वर्षाची कामे लावलेली होती. जुन्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या सारवणामागे बायकांच्या किती पिढ्यांच्या कंबरा मोडल्या, हे आठवले की तसे गाणे सुचतही नाही. मुद्दा एवढाच, की त्या भाषेत पाणी वगळलेले नव्हते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध फक्त रूपकापुरता नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून उभी असलेली, आजच्या नावाने केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, कापसापासून नॅनोसेल्युलोज काढण्याचे काम करते आणि तिने त्यासाठी पथदर्शी संयंत्रही उभारले आहे. वेचणीनंतर वावरात उभी राहणारी पऱ्हाटी पुष्कळदा जाळली जाते. तिच्यातल्या सेल्युलोजलाही कधी मोल आले तर ते कोणाला नको आहे?

दुसरीकडे २०१८ मध्ये राज्यात आणि २०२२ मध्ये देशभर प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. बंदीने पर्यायाची भूक वाढते, आणि अशा वेळी प्रयोगशाळेतले रूपक जाहिरातीत उतरायला वेळ लागत नाही. 'शिंपल्याइतके मजबूत, निसर्गाइतके शुद्ध' असे छापलेले पाकीट उद्या बाजारात आले, तर ते पहिल्यांदा विकत घेणारी कदाचित पापड-मसाले करणारी बचत गटाची बाई असेल. तिच्या पाकिटावर शून्य टक्के आर्द्रतेची अट छापलेली नसेल. श्रावणात पापड सादळले तर ग्राहक दोष तिच्या हाताला देईल. या लेखातली रूपकाची चर्चा मला निव्वळ वाङ्मयीन वाटत नाही, ती या कारणाने.

७

या पापुद्र्यांना विरोध करण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. उलट, ते यशस्वी व्हावेत असे मला वाटते आणि म्हणून त्यांच्याविषयी नीट लिहिले जावे असे वाटते. लाकडाचा तंतू प्रकाशाला अडथळा न होण्याइतका बारीक करणे आणि मातीची पाने त्यात आडवी बसवणे, हे माणसाने पदार्थावर मिळवलेल्या नाजूक हुकमतीचे उदाहरण आहे. त्याला समुद्रातून मोठेपण उसने आणण्याची गरज नाही. शिंपल्याने सुरुवातीला दिशा दाखवली, त्याचे ऋण मानावे. पण दिशादर्शक खांबाला घराचा खांब समजू नये.

तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात झाड आणि माती यांच्या पारदर्शक वेष्टनाची बातमी आली, तर वाचकाने तीन साधे प्रश्न विचारावेत. हे आकडे किती आर्द्रतेत मोजले? पाण्यापासून वाचवायला वर कशाचा लेप आहे? आणि हे करायला किती पाणी काढावे लागले? बातमीत उत्तरे असतील तर ती बातमी चांगली. नसतील तर मूळ निबंधाचा सारांश पाहावा. तिथे ती बहुतेक वेळा एका छोट्या ओळीत मिळतात.

घरात चिवडा वाढण्याआधी कोणी तरी चार पोहे तोंडात टाकून बघते. डबा कितीही चकचकीत असला तरी त्या चार पोह्यांशिवाय ताट पुढे जात नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकाला तेवढीच चाचणी लावावी.